भिंतीच्या रांगेतली व्हर्ना

हार्लन फोर्डमध्ये व्हर्ना कुचेरा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक, सुपरमार्केटच्या काउंटरवर ती मांस कापायची ते कागदासारखं पातळ निघायचं. दुसरी, तिची जीभ. दोन्हींची धार सारखीच, असं तिचा नवरा मायलो म्हणायचा आणि म्हणून झालं की उठून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसायचा.

गावात छपराखालचा फुटबॉल आणला तो जुन्या मोटारी विकणाऱ्या एका माणसानं. मोठ्या मैदानावर खेळतात तोच हा फुटबॉल, चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर येऊन आडवं पाडायचं. फक्त जागा निम्मी. आइस हॉकीच्या रिंगणात हिरवा गालिचा अंथरायचा आणि कडेला रेघेऐवजी कमरेएवढी भिंत, तिला जाहिराती छापलेल्या गाद्या बांधलेल्या. खेळाडू धावत येऊन त्या भिंतीवर आपटत, आणि कधीकधी भिंतीवरून उलटून पहिल्या रांगेतल्या माणसांच्या मांडीत पडत, बिअरसकट. गुरांचा बाजार आणि कत्तलखाना यांवर जगणारं आमचं गाव. त्याला हा खेळ पहिल्या रात्रीच पसंत पडला.

संघाचं नाव स्टॉकमेन, म्हणजे गुरंवाले. गालिचा मात्र टेक्सासमधल्या एका बुडालेल्या संघाकडून घेतलेला. त्यांचा विंचू मधोमध रंगवलेला होता, त्याच्यावर हिरवा रंग फासला, तरी दिवे लागले की विंचू दिसायचाच. पहिल्या मालकानं दुसऱ्या वर्षी दिवाळं काढलं. दुसऱ्यानं नाव बदलून थंडर केलं, निळे कपडे शिवले आणि एका रविवारी खेळाडूंचे पगार खिशात घालून ॲरिझोनाला पसार झाला. मग लीगच बुडाली. एक वर्ष रिंगणात नुसतं ट्रॅक्टरचं प्रदर्शन भरलं. नव्या लीगमध्ये संघ उभा केला तो ब्रेंट स्लोकमनं. हा शेतीची यंत्रं विकायचा. त्यानं नाव पुन्हा स्टॉकमेन केलं, आणि लोकांना वाटलं याला गावाचा अभिमान आहे. खरं कारण एवढंच की जुन्या नावाचे शर्ट गोदामात पडून होते.

मालक बदलले, कपडे बदलले, खेळाडू तर धर्मशाळेतल्या उतारूंसारखे आले आणि गेले. व्हर्नाची जागा तेवढी बदलली नाही. भिंतीची रांग, दक्षिणेचं टोक, पाहुण्या संघाचा बाक जिथून हाताच्या अंतरावर येतो ती खुर्ची. मायलो शेजारी बसायचा, मान खाली घालून शेंगदाणे खात. तिसऱ्या वर्षी तो गेला. तिनं त्याची खुर्ची सोडली आणि स्वतःची घट्ट धरली. मूलबाळ नव्हतं. घरात गेलं की भिंती, काउंटरवर गेलं की मांस. बायका मंडळीत तिला कुणी बोलवत नसे, कारण बोलावलं तर ती बोलेल ही भीती. पण शनिवारी रिंगणाचं दार उघडलं की चार हजार माणसांतली निम्मी तिच्याकडे बघून हात वर करायची. माणसाला जगायला एवढं पुरतं, हे मी तिच्याकडे बघून शिकलो.

नुसत्या शिव्या देणाऱ्यांतली ती नव्हती. शिव्या कोणीही देतो. ती आठवडाभर अभ्यास करायची. सुरुवातीला पाहुण्या खेळाडूच्या गावच्या वर्तमानपत्राला फोन लावायची, "मी त्याची ओहायोची मावशी, त्याच्याबद्दल काही छापून आलंय का हो?" पुढे फोनमध्येच सगळं जग आलं आणि तिला मावशी व्हायची गरज उरली नाही. कुणाची बायको सोडून गेली, कुणाचं घर बँकेनं नेलं, कुणाचा भाऊ दारू पिऊन खड्ड्यात पडला, हे सगळं शनिवारी भिंतीपाशी बाहेर यायचं. एकदा कॅन्ससच्या एका धिप्पाड गड्याला तिनं त्याच्या मेलेल्या कुत्र्याच्या नावानं हाका मारल्या. गडी खेळ सोडून रडला. गावानं तो सामना वर्षभर चघळला.

रांगेचा एक कायदा होता. खेळाडूला हात लावायचा नाही, आणि भिंतीपाशी बोललेलं भिंतीपाशीच राहणार. शिमग्यातल्या बोंबेचं कुणी दुसऱ्या दिवशी मनात ठेवत नाही, तसं. निदान बोंबलणाऱ्यांची तशी ठाम समजूत होती. ज्याच्या नावानं बोंब मारली त्याला कुणी विचारलं नव्हतं.

स्लोकम धंदेवाला माणूस. त्यानं ओळखलं की तिकिटं खेळावर खपत नाहीत, व्हर्नावर खपतात. त्यानं तिच्या हातात बिनवायरचा माइक दिला. त्याचा खर्च शेजारच्या खुर्चीतल्या ड्वेन हॉफ्टनं उचलला, त्याचं टायरचं दुकान होतं. मग दर सामन्याला घोषणा व्हायची, "भिंतीचे बोल, हॉफ्ट टायर्सच्या सौजन्यानं," आणि तिचा खरखरीत आवाज छपराला जाऊन धडकायचा.

केन्ड्रेल टॉलिव्हर पहिल्यांदा आला तो प्रेरी सिटी मस्टँग्सच्या लाल कपड्यांत. मिसिसिपीचा पोरगा, उंच, लांब हातांचा, चेंडू झेलण्यात पटाईत. व्हर्नानं शोधून काढलं होतं की तो नापास झाला म्हणून कॉलेजनं त्याची शिष्यवृत्ती काढून घेतली.

"टॉलिव्हर, या गादीवर काय लिहिलंय रे? वाच ना. चल, मी सोपं करते. पहिलं अक्षर ह."

सगळी रांग ह, ह, ह करत राहिली. त्यानं दोन चेंडू सोडले. आठवड्याभरात मस्टँग्सनी त्याला नारळ दिला, आणि दहा दिवसांत स्लोकमनं त्याला उचललं. या खेळात असंच चालतं. कालचा शत्रू उद्या आपल्या कपड्यांत. पगार इतका तुटपुंजा की खोली परवडत नाही, म्हणून गावातली माणसं खेळाडूंना घरी ठेवून घेतात. व्हर्नाचं नाव त्या यादीत मायलोच्या वेळेपासून होतं. ते खोडायचं राहून गेलं होतं.

दार उघडलं तर हा, खांद्यावर पिशवी घेऊन उभा.

"तुम्ही त्या भिंतीवरच्या बाई," तो म्हणाला.

"आणि तू तो ह." शब्द तोंडातून गेला आणि मग तिची तिलाच लाज वाटली, बऱ्याच वर्षांनी. "आत ये. पाय पूस. जेवलायस का?"

"नाही, मॅडम."

"मॅडम कोण? व्हर्ना म्हण."

"मिस व्हर्ना म्हणतो. नुसत्या नावानं हाक मारली तर माझी आई माझी पाठ सोलेल."

तो दोन हंगाम आणि वर थोडा राहिला. सकाळी गोदामात खोकी उचलायचा, दुपारी सराव, संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचा. तिचं भाजलेलं डुकराचं मांस आणि आंबट कोबी त्याला आधी गिळवेना, नंतर तो दुसऱ्यांदा वाढून मागायला लागला. ती त्याला रागवायची, तो हसायचा. तिच्या जिभेला घरात एक गिऱ्हाईक मिळालं होतं आणि ते पळून जात नव्हतं. काउंटरवर ती "माझा पोरगा" म्हणायला लागली. गिऱ्हाइकं तोंड वळवून हसत, पण तिच्या समोर कुणी काही बोललं नाही, सुरी तिच्या हातात असायची.

रविवारी संध्याकाळी त्याला एक फोन यायचा. तो उठून मागच्या पायरीवर जायचा, दार लावून घ्यायचा, आणि परत आला की ताटावर नुसता बसून राहायचा. व्हर्नानं पुष्कळ दिवस विचारलं नाही. तिच्या मानानं हा संयम म्हणजे उपासच होता. शेवटी त्यानंच सांगितलं. त्याची आई ऑर्थेल तुरुंगात होती. ती एका वृद्धाश्रमात हिशेब बघायची. पोराच्या फुटबॉलच्या शिबिरासाठी, बुटांसाठी, घरभाड्यासाठी तिनं तिथले पैसे उचलले, थोडे थोडे करून, आणि पकडली गेली.

"मी त्या वर्षी नापास का झालो, ते आता कळलं ना?" तो म्हणाला. "आईचा खटला चालू होता. मी कोर्टात बसायचो. हे कुणाला माहीत नाही, मिस व्हर्ना. संघात नाही, कॉलेजात नाही. लोकांना वाटू दे मी ढ आहे."

"माझ्या पोटातून हे बाहेर जाणार नाही," व्हर्ना म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. त्या रात्री तिनं त्या ह, ह, ह बद्दल त्याची माफी मागितली. आयुष्यात तिनं कुणाची माफी मागितल्याचं मला तरी दुसरं उदाहरण ठाऊक नाही. नाताळला तिनं ऑर्थेलला तुरुंगात एक कार्ड पाठवलं, आत केन्ड्रेलचा फोटो, तिच्या टेबलाशी बसून तोंड भरून खाताना. खाली लिहिलं, पोटभर जेवतो, काळजी करू नका. त्या बाईनं तो फोटो उशाशी चिकटवून ठेवला, असं केन्ड्रेलनं नंतर सांगितलं, तेव्हा व्हर्ना भांडी घासायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभी राहिली.

तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर स्लोकमनं केन्ड्रेल मस्टँग्सला देऊन टाकला. बदल्यात त्यांच्या भिंतीच्या जादा गाद्या घेतल्या. आपल्या फाटल्या होत्या ना. व्हर्ना काउंटरवरून ॲप्रनसकट त्याच्या ऑफिसात गेली.

"गाद्यांसाठी? ब्रेंट, माणूस देऊन गाद्या घेतल्यास?"

"बाई, पोरं खूप मिळतात. गाद्यांचे भाव काय झालेत ते बघा एकदा."

केन्ड्रेलनं पिशवी भरली. जाताना तिनं त्याला सॉसेजचा डबा दिला. "भिंतीपाशी माझ्या बाजूला येत जाऊ नकोस," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

हंगामाचा शेवटचा सामना मस्टँग्सशीच पडला. जिंकला तो पुढच्या फेरीत, हरला तो घरी. रिंगण गच्च भरलं होतं. मोठा पडदा मागच्या मालकाच्या काळापासून जळालेला, त्यामुळे लोक आवाजावरच खेळ समजून घेत. लाल कपड्यांतला केन्ड्रेल बाहेर आला, दक्षिणेच्या टोकाला बघून त्यानं शिरस्त्राणाला दोन बोटं लावली, मग समोरच्या वरच्या बाकांकडे हात केला. व्हर्नाला वाटलं, पोरगं आज खुशीत आहे. तिनं माइक मांडीवर ठेवला.

तो खुशीत होता आणि खेळतही तसाच होता. पहिल्या निम्म्या खेळात त्यानं एकट्यानं तीनदा गोलपट्टी ओलांडली, आणि तिन्ही वेळा व्हर्ना गप्प. बाकीच्यांवर ती बोलली, पण त्यात मीठ नव्हतं. रांगेत चुळबूळ सुरू झाली.

"काय गं, दातखीळ बसली?" ड्वेन म्हणाला. "टायरचे पैसे मी कशाचे भरतो?"

"भाचा आहे तिचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"भाचा कसला, कोबी खाऊन पोसलाय. गावाचं खाऊन गावालाच हाणतोय."

लोक हसले. तिच्यावर हसले. चौदा वर्षं या खुर्चीत बसून तिनं हसू दुसरीकडे पाठवलं होतं, ते पहिल्यांदा तिच्याकडे आलं, आणि ते किती गरम असतं ते तिला कळलं. तिसऱ्या भागात ब्रँडी नावाच्या एका तरुण पोरीनं तिच्या मांडीवरचा माइक उचलला आणि केन्ड्रेलच्या केसांवर काहीतरी पचकली. फार काही नव्हतं त्यात, तरी लोकांनी टाळ्या दिल्या. स्लोकम पायऱ्या उतरून आला आणि तिच्या कानाशी वाकला.

"व्हर्ना, दमला असाल तर तसं सांगा. पुढच्या वर्षी ही खुर्ची ब्रँडीला देतो. तुम्हाला वर आरामशीर जागा बघू, पाठीला टेकू असलेली."

वर म्हणजे जिथे म्हातारी माणसं घोंगडी घेऊन बसतात आणि सामना संपायच्या आधी पार्किंगसाठी उठतात. व्हर्नानं मायलोच्या जुन्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे एक अनोळखी माणूस नाचो खात होता. ही खुर्ची गेली तर शनिवारी आपण कोण, याचं उत्तर तिला सापडेना.

शेवटचं मिनिट. मस्टँग्स पाच गुणांनी मागे, चेंडू त्यांच्याकडे, गोलपट्टी जवळ. सगळ्या रिंगणाला ठाऊक होतं चेंडू कुणाकडे जाणार. केन्ड्रेल भिंतीलगत उभा राहिला, अगदी दक्षिणेच्या टोकाला, त्याच्या कोपरात आणि तिच्या गुडघ्यांत एका गादीचं अंतर. रांग पाय आपटत होती. बोल, बोल, बोल. त्या आवाजात प्रेम होतं, आणि ते एका मिनिटाच्या बोलीवर होतं. तिनं ब्रँडीच्या हातातून माइक हिसकावला.

तिनं नंतर लोकांना सांगितलं की आपण काय बोललो ते कळलंच नाही. मी ते मानत नाही. ज्या बाईनं आयुष्यभर नेमक्या शिरेवर सुरी ठेवली, तिला शीर कुठे आहे ते ठाऊक असतंच. चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटून हवेत गेला, तेव्हा तिचा आवाज छपरावर जाऊन धडकला.

"टॉलिव्हर, झेल नीट! तुझ्या आईनं म्हाताऱ्यांचे पैसे चोरले ते याच्यासाठी! तुरुंगात बसलीय ती, तुझ्या बुटांपायी!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याची मान फक्त वर गेली, समोरच्या वरच्या बाकांकडे, अर्धा क्षण. चेंडू खांद्यावर आपटून उडाला आणि आमच्या पोरानं तो झेलला. भोंगा वाजला. रिंगण फुटलं. ड्वेननं तिला कंबरेला धरून उचललं, ब्रँडीनं तिचे गाल चुंबले, स्लोकमनं लांबून दोन्ही अंगठे दाखवले. कुणीतरी म्हणालं, "आईवरून! बाई, मानलं तुला." व्हर्ना हसत होती. हसू थांबवायचं कसं ते तिला कळत नव्हतं.

सामना संपला की आमच्याकडे भिंतीची दारं उघडतात आणि सगळं गाव गालिच्यावर उतरतं. पोरं सह्या घेतात, बायका फोटो काढतात, दोन्ही संघांचे खेळाडू घाम पुसत उभे राहतात. रांगेनं व्हर्नाला जवळजवळ ढकलतच खाली नेलं. गर्दी पांगली तशी ती त्या पुसट विंचवापाशी एकटी उभी राहिली, आणि केन्ड्रेल तिच्याकडेच येताना दिसला. शिरस्त्राण काखेत, चेहरा धुतल्यासारखा. त्याच्या दंडाला धरून एक बाई होती, फिकट निळ्या कपड्यांतली, केस नुकतेच बसवलेले, हातात पत्र्याचा डबा.

"मम्मा," तो म्हणाला, "ह्या मिस व्हर्ना."

ऑर्थेल टॉलिव्हरनं डबा मुलाकडे दिला आणि व्हर्नाचे दोन्ही हात हातात घेतले.

"सुटून मला तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "पहिलं काम हेच ठरवलं होतं. अकरा तास बसमध्ये बसून आलेय. याला म्हटलं, तुझा खेळ राहू दे, मला ती बाई दाखव. तुमचं कार्ड माझ्या उशाशी होतं हो. रोज सकाळी तोंड भरून खाणारं माझं पोर बघायचं आणि मग उठायचं. तुम्ही मला जगवलंत, मिस व्हर्ना."

व्हर्नानं तोंड उघडलं आणि मिटलं. हिनं सगळं ऐकलं होतं. वरच्या बाकांवरून माणूस दिसत नाही, पण आवाज, तो तर छपरावरून हिच्याच डोक्यावर पडला होता. एक शब्द बोललं तर हिला कळणार. नुसतं "या" म्हटलं तरी कळणार. सबंध काउंटीत सगळ्यात ओळखीचा आवाज तिच्या घशात होता, आणि तिनं तो दातांनी अडवून धरला. डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं बाई, रडू नका," ऑर्थेल म्हणाली.

"त्यांचा घसा बसलाय, मम्मा," केन्ड्रेल म्हणाला. अगदी शांतपणे. "आज फार ओरडल्या. माझ्यासाठी."

"असं होय. मग बोलू नका. गरम पाण्यात मध घाला आणि झोपा." तिनं डबा व्हर्नाच्या हातात ठेवला. "पेकनच्या वड्या आहेत. माझ्या आईची पद्धत. तुरुंगात करता येत नव्हत्या, हात विसरलेत की काय अशी भीती वाटत होती." मग ती थोडी जवळ सरकली आणि आवाज उतरवला. "ती बाई कोण हो? लाउडस्पीकरवरची? तुम्ही त्याच बाजूला बसता ना, तुमच्या ओळखीची असेल. मला राग नाही. आत याहून वाईट ऐकलंय. पण तिला कळलं कसं, हे काही माझ्या ध्यानात येत नाही. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं."

"लोक शोधून काढतात, मम्मा," केन्ड्रेल म्हणाला.

व्हर्नानं मान हलवली. नाही. ओळखत नाही.

"बरं. भेटली तर तिला एवढंच सांगा, टॉलिव्हरच्या आईची शिक्षा भोगून झाली. पुढच्या वेळी तेवढं दुरुस्त करून म्हण म्हणावं. सांगाल ना?"

व्हर्नानं मान हलवली. हो.

केन्ड्रेलनं आईचं कोपर धरलं. आता पहिल्यांदा त्यानं व्हर्नाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तो हसला, बटाटे सोलताना हसायचा तसाच.

"सांगतील त्या, मम्मा. मिस व्हर्नाच्या पोटात काही राहत नाही."

आई कौतुकानं हसली, व्हर्नाच्या गालावर तिनं हात ठेवला, आणि दोघं बसकडे गेली.